इलेक्ट्रिक गाडीला एक साइज मोठे टायर: रेंज खरंच पडते का?

इलेक्ट्रिक गाडीचे पहिले टायर घासत आले की एक प्रश्न हमखास निघतो: कंपनीने दिलेत त्यापेक्षा जरा मोठे टाकले तर? विचारणाऱ्याची कारणं खोटी नसतात. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, त्यामुळे गतिरोधकावर खालून घासल्याचा आवाज आला की काळजात चर्र होतं. चाक आणि मडगार्ड यांच्यातली रिकामी जागा काहींच्या डोळ्यांना खुपते. कधी मूळ साइज दुकानात नसते आणि तिच्या शेजारची असते.

मग टाकून पाहिलेल्यांना विचारावं, तर उत्तरांचा मेळ बसत नाही. एक म्हणतो रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, दहा टक्क्यांनी पडली. दुसऱ्याला काही फरकच जाणवला नाही. तिसऱ्याचं म्हणणं, वीज जास्त लागत नाही पण गाडी मंदावली. तिघंही खरं बोलत असू शकतात, कारण टायर बदलताना साइज ही एकच गोष्ट बदलत नाही. तिच्याबरोबर रबर बदलतं, नक्षीची खोली बदलते आणि गाडीचं मोजमापही बदलतं. या सगळ्याचं खापर बिचाऱ्या साइजवर फुटतं.

## टायरवरचे आकडे आधी वाचू

टायरच्या अंगावर २१५/६० आर १७ असं काहीतरी छापलेलं असतं. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबरी भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १७ हा रिमचा व्यास, इंचांत. तीन आकड्यांत तीन वेगवेगळी मापं! हा घोळ कुणी घालून ठेवला कोण जाणे, पण जगभर तोच चालतो.

आता पूर्ण चाकाची उंची काढू. १७ इंच म्हणजे ४३२ मिमी, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की ६९० मिमी. त्याच रिमवर २१५/६५ चा टायर चढवला तर उंची ७११ मिमी होते. वाढ ३.१ टक्के. २२५/६० चढवला तर ७०२ मिमी, वाढ पावणेदोन टक्क्यांची. आणि १८ इंची रिमवर २३५/५० घातला तर ६९२ मिमी, म्हणजे जवळजवळ होती तेवढीच.

म्हणजे 'मोठे टायर' या एका शब्दाखाली दोन वेगळे बदल येतात. एकात रिम तीच राहते आणि टायर उंच होतो. दुसऱ्यात रिम मोठी होते, रबराची भिंत पातळ होते आणि चाकाची एकूण उंची जेमतेम बदलते. हा लेख मुख्यतः पहिल्या बदलाबद्दल आहे. पण ऐकीव किश्श्यांत दोन्हींची सरमिसळ असते, म्हणून समोरचा नेमकं कशाबद्दल बोलतोय हे आधी विचारून घ्यावं.

## गाडी किलोमीटर मोजत नाही, फेऱ्या मोजते

समजा एखादा माणूस पावलं मोजून मैदानाची लांबी सांगतो. त्याची ढांग वाढली, पण हिशेब मात्र तो जुन्याच ढांगेने करत राहिला, तर मैदान दरवेळी लहान भरेल. गाडीचं असंच होतं. चाकाच्या एका फेरीत किती अंतर कापलं जातं, हा आकडा तिच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीने भरून ठेवलेला असतो. ६९० मिमीच्या चाकाला किलोमीटरभर जायला कागदावर साधारण ४६१ फेऱ्या लागतात, ७११ मिमीच्या चाकाला ४४७. ४६१ फेऱ्या झाल्याशिवाय गाडी एक किलोमीटर मोजणार नाही, आणि तोवर ती प्रत्यक्षात एक किलोमीटर एकतीस मीटर गेलेली असते.

विजेचा हिशेब मात्र बॅटरीपाशी होतो. त्याचा चाकाच्या आकाराशी संबंध नाही. म्हणजे खर्च खरा आणि अंतर कमी, आणि स्क्रीनवर दिसतो तो या दोन्हींचा भागाकार. समजा गाडीला शंभर किलोमीटरला १५ युनिट वीज लागत होती. (युनिट म्हणजे किलोवॉट-तास, विजेच्या बिलात असतं तेच.) मोठ्या टायरवरही तेवढीच लागली, एका कणाचाही फरक पडला नाही असं धरू. तरीही स्क्रीन १५.५ दाखवेल. आधी ३०० किलोमीटर दिसणारी रेंज २९१ वर येईल. नऊ किलोमीटर गेले कुठे? कुठेच नाही. गाडी तेवढी चाललीच, फक्त मोजली गेली नाही.

रेंज तीन टक्क्यांनी पडली म्हणणाऱ्याला म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा: किलोमीटर कशावर मोजले? गाडीच्या मीटरवर मोजले असतील तर ती घट खरी की दिसण्यापुरती हे त्या आकड्यावरून ठरवताच येत नाही.

ही चूक निदान चुकायचीच तर बऱ्या बाजूला चुकते. स्क्रीनवर ५० किलोमीटर उरल्याचं दिसतं तेव्हा खरे किलोमीटर थोडे जास्त असतात. वॉरंटीचे आणि सर्व्हिसिंगचे किलोमीटर मात्र कमी नोंदले जातात, आणि कंपनीशी वाद झालाच तर ही गोष्ट आपल्या बाजूने जाईलच असं नाही.

## मग स्पीडोमीटरही चुकणार?

चुकणार, पण इथे गंमत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमधला ३९ क्रमांकाचा नियम अनेक देशांत लागू आहे. त्यानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालतो, तोही खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ताशी ४ किमी इतपतच. खरा वेग १०० असेल तर काटा ११४ पर्यंत जाऊ शकतो, ९९ वर राहू शकत नाही. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात.

काटा १०० दाखवत असताना खरा वेग ९६ असेल, तर ३.१ टक्के मोठ्या चाकावर तो ९९ होईल. स्पीडोमीटर आधीपेक्षा खरा बोलू लागला! पण काही गाड्यांत ही पुढची फट मुळातच बारीक असते. खरा वेग आधीच ९८ असेल तर तो आता १०१ होईल. काटा मर्यादेच्या आत आणि गाडी मर्यादेच्या बाहेर. दंडाची पावती फाडणाऱ्याला टायरची साइज सांगून उपयोग नसतो. त्यामुळे वाढ तीन टक्क्यांच्या आत ठेवावी असा जो ठोकताळा टायरच्या धंद्यात चालतो, त्यात तथ्य आहे. काही गाड्यांत चाकाची साइज सॉफ्टवेअरमधून निवडता येते; ती सोय असेल तर हे दोन्ही प्रश्न तिथेच मिटतात.

## वीज खरोखर खातं कोण

टायर फिरताना रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि पुढे जाऊन पुन्हा फुगतो. दाबायला जेवढी ऊर्जा लागली तेवढी फुगताना परत मिळत नाही. फरक रबरात उष्णता होऊन उरतो. लांबच्या प्रवासानंतर टायर हाताला गरम लागतो त्यात याचा मोठा वाटा. गाडीला मागे ओढणाऱ्या या जोराला लोळण-रोध म्हणू. युरोपात टायरवर लावल्या जाणाऱ्या लेबलात त्याची ए ते ई अशी प्रतवारी असते. ए म्हणजे गाडीच्या दर हजार न्यूटन वजनामागे ६.५ न्यूटनपर्यंत रोध, डी म्हणजे ९.१ ते १०.५.

हे आकडे किरकोळ वाटतात, म्हणून हिशेब करून बघू. माणसांसकट १८०० किलोची गाडी. ६.५ च्या टायरवर लोळण-रोध ११५ न्यूटन होतो, १० च्या टायरवर १७७. शंभर किलोमीटर जायला पहिल्यात ३.२ युनिट खर्च होतात, दुसऱ्यात ४.९. फरक १.७ युनिटचा, तोही चाकापाशी. मोटर आणि गिअरमधला अपव्यय धरला तर बॅटरीतून १.९ च्या आसपास जातात. १५ युनिटच्या गाडीला हे बारा टक्क्यांहून जास्त झालं. ३०० ची रेंज २६६ वर आली, आणि यात टायरची साइज एका मिलिमीटरनेही बदललेली नाही.

इलेक्ट्रिक गाडीसोबत कंपनीकडून आलेले टायर बहुधा कमी रोधाचे निवडलेले असतात, कारण जाहिरातीतला रेंजचा आकडा त्यांच्यावरच उभा असतो. मालक टायर बदलताना एक पायरी मोठी साइज घेतो आणि सोबत जाड नक्षीचा, दणकट दिसणारा, खडबडीत रस्त्यासाठीचा टायर पसंत करतो. रेंज पडते ती त्या नक्षीने आणि त्या रबराने. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त व्यास वाढवला, तर लोळण-रोध उलट किंचित कमी होतो, कारण मोठ्या चाकाला टेकताना कमी वाकावं लागतं. दहा टक्के रेंज गेली म्हणणारा बहुतेक या गटातला असतो.

मोठ्या रिमच्या बाबतीतही तेच दिसतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीनुसार २०२२ च्या टेस्ला मॉडेल एस प्लेडची रेंज १९ इंची चाकांवर ३९६ मैल, म्हणजे सुमारे ६३७ किमी, आणि २१ इंची चाकांवर ३४८ मैल, सुमारे ५६० किमी आहे. गाडी तीच, बॅटरी तीच, चाकांची बाहेरची उंचीही जवळपास तेवढीच. बदललं ते टायरचं रबर, त्याची रुंदी आणि रिमचा घाट. बारा टक्के तिथे गेले.

रुंदीचा तोटा हवेच्या रोधातून होतो आणि तो शहरात जाणवत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, म्हणून महामार्गावर त्याचं बिल येतं. दहा मिलिमीटर जादा रुंदीने आभाळ कोसळत नाही. वीस-तीस मिलिमीटरने मात्र आकडा हलायला लागतो.

## "पण टायर बदलले त्याच दिवसापासून रेंज कमी झाली!"

झाली असेल. मूळ साइजचे नवे टायर टाकले असते तरी थोडी झालीच असती.

नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कितीतरी देशांत १.६ मिमी ही कायद्याची किमान मर्यादा आहे. तोवर झिजलेला टायर व्यासाने जवळजवळ १३ मिमी लहान झालेला असतो, म्हणजे आपल्या ६९० च्या हिशेबात १.९ टक्के. आता गुळगुळीत झालेला २१५/६० काढून कोरा करकरीत २१५/६५ चढवा. कागदावर वाढ ३.१ टक्के, प्रत्यक्षात पाच. मीटर तेवढ्याने मागे पडलं. वर झिजलेल्या टायरचा लोळण-रोध नव्यापेक्षा कमी असतो, कारण दबायला रबरच कमी उरलेलं असतं. जुन्या टायरच्या शेवटच्या महिन्याची तुलना नव्याच्या पहिल्या आठवड्याशी केली की नवा हरणार हे ठरलेलंच.

याच गणिताची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. २२५/६० ने होणारी पावणेदोन टक्के वाढ ही कुठल्याही टायरच्या आयुष्यात होणाऱ्या घटीएवढीच आहे. गाडीला एवढ्या फरकाची सवय असते.

## "फेऱ्या कमी म्हणजे मोटरला आराम, वीज वाचणार ना?"

हा तर्क पेट्रोल-डिझेल गाड्यांतून आलाय. तिथे इंजिनाच्या फेऱ्या कमी झाल्या की आतलं घर्षण कमी होतं आणि महामार्गावर थोडं इंधन वाचू शकतं. इलेक्ट्रिक मोटरची कार्यक्षमता मात्र वेगाच्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असते. रस्ता आणि हवा जेवढी ऊर्जा मागतात तेवढी द्यावीच लागते. ती थोड्या कमी फेऱ्यांनी दिली म्हणून विशेष सूट मिळत नाही.

पिकअपचं उलट. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत गिअर एकच असतो आणि मोटरचा पीळ, म्हणजे चाक फिरवणारा जोर (टॉर्क), ठरलेला असतो. चाकाची त्रिज्या तीन टक्क्यांनी वाढली की रस्त्यावर लागणारा जोर तीन टक्क्यांनी घटतो. तिसऱ्या माणसाला गाडी मंदावल्यासारखी वाटली ती यामुळे. चढावर तोच जोर हवा असेल तर मोटरला तीन टक्के जास्त पीळ, म्हणजे ढोबळमानाने तेवढाच जास्त प्रवाह लागतो. तारांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तिथे सहा टक्क्यांची भर पडते. भयंकर वाटतं, पण ही सहा टक्क्यांची वाढ मोटरच्या अपव्ययातल्या एका भागात झाली, एकूण खर्चात नाही. घाटरस्त्यावर माल लादून रोज जाणाऱ्याने विचार करावा, इतरांनी सोडून द्यावं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गाडी स्वतःच मंदावते आणि थोडी वीज बॅटरीत परत येते, तो जोरही तेवढ्याच प्रमाणात मऊ होतो. दोन दिवसांत पायाला सवय होते.

चाकाच्या वजनाबद्दल फार बोललं जातं, त्याचाही निकाल लावून टाकू. टायरच्या बाहेरच्या कडेवरचं एक किलो वेग घेताना जास्तीत जास्त दोन किलोसारखं वागतं, कारण त्याला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. दर टायर दीड किलो जड झाला तर चारांचे सहा किलो, परिणाम बारा किलोंएवढा. १८०० किलोच्या गाडीत हे डिकीत राहून गेलेल्या सामानाएवढं आहे. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा जड चाकाचा फरक जाणवू शकतो. रेंजच्या हिशेबात तो धरायची गरज नाही.

## मोठा टायर, पण कमी ताकदीचा

इथे मात्र दुर्लक्ष महागात पडेल. साइजच्या पुढे ९६, ९९, १०० असा एक आकडा असतो. तो भारांक. तो थेट किलो सांगत नाही, ठरलेल्या तक्त्यातून किलो काढावे लागतात: ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, ९९ म्हणजे ७७५, १०० म्हणजे ८००. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक गाडी तिच्याएवढ्याच पेट्रोल गाडीपेक्षा बरीच जड असते, म्हणून तिला पुष्कळदा जादा भाराचे टायर दिलेले असतात. त्यांच्यावर एक्सएल असं लिहिलेलं असतं. त्याहून जड गाड्यांसाठी एचएल खुणेचे टायर निघालेत.

आता सापळा बघा. गाडीला २१५/६० आर १७, १०० एक्सएल आलाय. दुकानदार २२५/६० आर १७ दाखवतो, साधा, भारांक ९९. दिसायला मोठा, रुंद, भरभक्कम. पण प्रत्येक चाकाला पंचवीस किलो कमी पेलणारा. चार चाकांची मिळून शंभर किलोंची ताकद गेली, आणि टायर मोठा असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. भारांक मूळच्यापेक्षा खाली जाऊ देऊ नये. भारांकाच्या पुढचं टी, एच, व्ही हे वेगाचं अक्षरही खालचं घेऊ नये; टी म्हणजे ताशी १९० किमी, एच २१०, व्ही २४०.

कमी पडलं तर हवा जास्त भरून भागवू, हा उपाय नव्हे. जास्त हवेने लोळण-रोध थोडा कमी होतो हे खरं, पण टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. हवेचा दाब दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून घ्यावा, आणि वेगळ्या साइजसाठी तो बदलतो का हे टायर कंपनीच्या तक्त्यात पाहावं.

## दोनच टायर बदलले तर?

नको. एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि घसरण रोखणारी यंत्रणा चारही चाकांच्या फेऱ्यांची सतत एकमेकांशी तुलना करत असतात. चारही चाकं सारखीच मोठी झाली तर तुलना बिघडत नाही. फक्त पुढची मोठी केली, तर ती कायम हळू फिरताना दिसतात आणि मागची घसरताहेत असा यंत्रणेचा समज होऊ शकतो. पुढे-मागे दोन मोटर असलेल्या गाडीत दोन्ही आसांत जोर कसा वाटायचा हेही याच आकड्यांवर ठरतं. काही गाड्यांना कंपनीच पुढे-मागे वेगळ्या साइजचे टायर देते. तिथे सॉफ्टवेअरला ते आधीपासून ठाऊक असतं.

हवा कमी झाल्याचा इशारा देणारी एक पद्धतही फेऱ्यांवरच चालते. हवा उतरलेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त फिरतं, आणि गाडी ते ओळखते. अशा गाडीत टायर बदलल्यावर हवा नीट भरून ती यंत्रणा मेनूमधून रीसेट करावी लागते, नाहीतर इशारे खोटे येतात, किंवा खरा इशारा येतच नाही.

## इतकं करून उंची किती वाढली?

अकरा मिलिमीटर. २१५/६५ ने चाक २१ मिमीने उंच झालं, पण त्यातलं निम्मंच आसाच्या खाली असतं. ग्राउंड क्लिअरन्ससाठी, म्हणजे रस्ता आणि गाडीचं पोट यांच्यातली जागा वाढवण्यासाठी, टायर बदलणाऱ्याने हा आकडा आधी बोटांवर धरून पाहावा. हाताच्या करंगळीच्या जाडीएवढा आहे. बॅटरीच्या काळजीपायी खर्च करण्याआधी आपली गाडी खाली घासते ती किती मिलिमीटरने, हे कुणी तपासत नाही.

उरलेलं निम्मं वरच्या बाजूला, मडगार्डच्या आत जातं. गाडी उभी असताना तिथे भरपूर जागा दिसते. कस लागतो तो स्टिअरिंग पूर्ण वळवून, पाच माणसं बसवून, चाक खड्ड्यात गेल्यावर. टायर आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला किंवा शॉकअपच्या स्प्रिंगच्या बैठकीला घासू शकतो. तपासायचं तर एकच टायर बसवून घ्यावा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन टायर आणि आतल्या भागांच्या मधून बोट फिरवून पाहावं. बोट अडकलं तर उरलेले तीन बसवूच नयेत. गाडीच्या पुस्तिकेत चालणाऱ्या साइजची यादी असते. हवी ती साइज त्या यादीत असेल तर ही अर्धी कटकट वाचते, आणि विम्याच्या दाव्यात कुणी बोट ठेवायला जागा राहत नाही.

सगळं बसल्यावर रेंज पाहायची असेल तर ट्रिप मीटर शून्यावर आणून निघावं आणि अंतर जीपीएसवर किंवा रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर मोजावं. पन्नास किलोमीटर पुरतात. जीपीएसच्या अंतराला गाडीच्या अंतराने भागलं की जो आकडा येतो, त्याने स्क्रीनवरची रेंज गुणावी. गुणाकार जुन्या रेंजच्या जवळ आला तर रेंज पडलेलीच नाही. नाहीच आला, तर टायरच्या लेबलवरचं ते ए ते ई मधलं अक्षर शोधावं.